चोच मऊ असावी

मढवीबाईंनी यादी दिली :
वाघ दोन, अंतराळवीर एक, पोलिस एक,
राणी नको, गेल्या वर्षी राणीवरून मारामारी झाली,
आणि मनवा तांडेलला फ्लेमिंगो व्हायचंय.

मी तुर्भ्याच्या कारखान्यात अकरा वर्षं
लॅपटॉपच्या बॅगा शिवल्या.
फोमची जाडी मला बोटांनी कळते.
पण लॅपटॉप पळत नाही,
घसरगुंडीवर उलटा चढत नाही,
शेजारच्या लॅपटॉपचं मुंडकं ओढत नाही.

म्हणून आधी डोकी मोजली.
करावे गावात, बालवाडीच्या एकाच खोलीत
एकोणीस डोकी,
टेप गुदगुल्या करते म्हणून खिदळणारी,
एक्कावन्न, पन्नास, साडेएकोणपन्नास,
तेलकट, घामट, एकाच्या केसांत चिकटलेली चिंचेची गोळी.
मनवाच्या कानामागे मशीन,
सोललेल्या शेंगदाण्याएवढं.
टेप मी त्याच्या वरून नेली, लांबून.
ती म्हणाली, "हे झाकलं की शिट्टी वाजते."
मी वहीत लिहिलं : शिट्टी.

रात्री ओट्यावर कापड मांडलं.
हनुवटीखाली इलॅस्टिक नाही, नाडी नाही,
मागे नुसता वेल्क्रो, ओढला की सुटेल असा.
पण किती ओढल्यावर?
कपाटाच्या मुठीला टोपी अडकवली,
टोपीला साखरेची किलोची पिशवी.
सुटेना.
वेल्क्रो अर्धा कापला. तरी सुटेना.
आणखी कापला, बोटाच्या पेराएवढा उरला,
तेव्हा अर्धा किलो तूरडाळीला सुटला,
आणि डाळ घरभर.
हे म्हणाले, "टोपी शिवतेस की वाशीचा पूल बांधतेस?"

मी डाळ वेचत राहिले.

माझ्या डाव्या भुवईत एक रेघ आहे,
तिथे केस उगवत नाहीत.
दुसरीचं गॅदरिंग, पत्र्याचा मुकुट, वरून सोनेरी कागद.
मी देवी झाले होते.
रक्त पापणीवर आलं तरी हात आशीर्वादाचाच ठेवला,
पडदा पडेपर्यंत.
सगळे म्हणाले, किती गुणी मुलगी.
कोणीच म्हणालं नाही
की पत्र्याची कड दुमडायला हवी होती.

डोळ्यांना बटणं नकोत, बटणं पोटात जातात.
डोळे दोऱ्याने भरले, काळ्या, दुहेरी.
टिकल्या नाहीत, पिना नाहीत, स्टेपलर तर नाहीच.
रंगासाठी पहाटे खाडीवर जाऊन आले :
दुकानातला गुलाबी नव्हेच तो,
कणकेत बिटाचा रस सांडावा तसा, कुठे आहे कुठे नाही.
राहिली चोच.
खरी चोच वाकडी, टोकाला काळी, जड.
मी माझी पापणी मिटली
आणि चोच तिच्यावर दाबली.
पहिली टोचली.
दुसरी टोचली नाही, पण अंधारात चांदण्या दिसल्या.
तिसरी लागली तेव्हा
कुणीतरी उशीचा कोपरा टेकवल्यासारखं वाटलं.
तीच ठेवली.

शुक्रवारी मनवाने टोपी घातली.
आम्ही दोघी गप्प. बाईसुद्धा.
शिट्टी वाजली नाही.
"मनवा," मी मागून हळूच म्हटलं,
आणि ती वळली.

मग मैदान. मग वाघ.
वाघाने मागून झडप घालून मुंडकं धरलं,
माझ्या छातीत धस्स,
आणि वेल्क्रो खर्रकन सुटला.
अर्धा किलोच असेल. जास्त नाही.
वाघ हातात गुलाबी मान घेऊन उभा,
आता काय करायचं ते न कळून.
ती केव्हाच पुढे गेली होती,
टाकीच्या सावलीत एका पायावर उभी,
डोकं उघडं, मान वाकडी,
पाण्यात नसलेला मासा शोधत.

बाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी ठेवायची का राणी?"
ठेवा, म्हटलं.
दोन ठेवा, म्हणजे मारामारी नको.
कड मी दुमडून देते.